हात कुठे ठेवायचा आणि कधी काढून घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गिरगावातलं दोन खोल्यांचं घर. महिन्याभरापूर्वी दत्तक घेतलेली साधारण दोन वर्षांची इंडी, म्हणजे देशी, कुत्री. डोक्यावरून हात फिरवला की ती खाली दबते, जांभई देते, कधी सरळ पाठीवर होऊन पोट दाखवते. ‘लाड करून घ्यायचेत’ असं समजून आठ वर्षांच्या मुलाने पोट चोळलं तर गुरगुरली. शेपूट मात्र हलत होती. मग हिला लाड आवडत नाहीत का, आणि आवडत असतील तर करायचे कसे?

तिला लाड आवडतात की नाही, हे अजून कुणी तिला विचारलेलंच नाही. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी, म्हणजे दबणं, जांभई, पोट दाखवणं आणि शेवटी गुरगुरणं, हे एकच वाक्य आहे. पहिल्यांदा ती ते हळू म्हणाली, मग जरा मोठ्याने, आणि शेवटी ओरडून. चुकलं कोणाचंच नाही. माणूस प्रेम करायला जातो तो वरून खाली हात नेऊन आणि अंगावर वाकून. कुत्र्यांच्या भाषेत वरून अंगावर येणं ही दादागिरी असते.

त्या जांभईपासून सुरुवात करतो, कारण घरोघरी हीच खूण हुकते. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर खायला काही नसताना ओठांवरून झर्रकन फिरलेली जीभ, तोंड दुसरीकडे वळवणं, पुढचा एक पाय किंचित उचलून धरणं, कान मागे चिकटवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसणं: या सगळ्याचा अर्थ ‘मला अवघडल्यासारखं होतंय, जरा थांबा’ असा. नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी यातल्या बऱ्याच खुणांना ‘काल्मिंग सिग्नल्स’ (शांत करणाऱ्या खुणा) हे नाव रूढ केलं. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. जीभ मात्र बघायला शिका. ती अर्ध्या सेकंदात बाहेर येऊन आत जाते आणि आपण तेव्हा बहुतेक मोबाइलकडे बघत असतो.

शेपटीवर तर बिलकूल जाऊ नका. हलणारी शेपूट एवढंच सांगते की आत काहीतरी चाललंय. आनंदाची शेपूट पाठीच्या पातळीला किंवा थोडी खाली असते, सैल, ऐसपैस हलते, आणि तिच्याबरोबर कंबरही डुलते. उंच, ताठ उभी राहून फक्त टोकाशी थरथरणारी शेपूट म्हणजे तणाव. पोटाखाली घातलेली शेपूट टोकाशी हलत असेल तर ती विनवणी आहे. तुमच्या मुलाने बहुधा हीच शेवटची पाहिली. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं होतं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट किंचित उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. पण ते कॅमेरा लावून मोजायचं काम, घरात बसून दिसत नाही. तुम्ही कंबर बघा.

आता प्रत्यक्ष कृती. पुढचे पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकाने एवढंच करायचं.

जमिनीवर बसा, तिच्याकडे तोंड करून नव्हे तर तिरके. खुर्चीत बसून पुढे वाकलात तरी ते वाकणंच झालं. हात मांडीवर सैल पडू द्या. नाकासमोर मूठ धरून ‘वास घे’ म्हणायची जुनी पद्धत सोडून द्या. तिला तुमचा वास दारातूनच आलेला असतो, आणि तोंडापुढे आलेला हात ही तिच्यासाठी एक मागणी ठरते. तिच्याकडे एकटक बघू नका. ती आली तर आली. नाही आली तर त्या दिवशी हात लावायचा नाही. बोलावून, बिस्किट दाखवून, गळपट्ट्याला धरून आणलेली कुत्री ‘आली’ असं होत नाही. बिस्किटासाठी आलेली तर अडकते: खाऊ हवा, हात नको, आणि खाऊ हाताजवळच.

ती आली, बाजूला उभी राहिली किंवा अंगाला टेकली, की जवळचा हात खालच्या बाजूने न्या आणि छातीवर, पुढच्या दोन पायांच्या मधोमध जो रुंद भाग असतो तिथे, बोटांच्या पोटांनी हलकेच खाजवा. मनात ‘एक, दोन, तीन’. आणि हात काढून घ्या. परत मांडीवर. सगळी गोम या हात काढून घेण्यात आहे. हात चालू असताना ती काही सांगूच शकत नाही, फार तर सहन करू शकते. हात थांबला की ती उत्तर देते.

होकार ओळखणं सोपं आहे. ती पुढे सरकते, तुमच्या हाताखाली नाक घालून तो वर उचलते, पंजाने मनगट ओढते, किंवा सगळा भार तुमच्या गुडघ्यावर टाकते. नकारही सोपा: निघून जाते, अंग झटकते (न्हायल्यावर झटकते तसं, पण कोरडी असताना), खाली वास घेत बसते. घोळ होतो तो तिसऱ्या उत्तराने. ती जागची हलत नाही, पण काही करतही नाही. नुसती उभी. तोंड मिटलेलं, श्वास धरल्यासारखा. ‘बघा, किती शांत उभी आहे, आवडतंय’ असं म्हणून लोक हात चालू ठेवतात. हा नकारच धरायचा. आवडणारं कुत्रं पुतळ्यासारखं उभं राहत नाही, लोण्यासारखं विरघळतं: डोळे अर्धे मिटतात, ओठाचे कोपरे सैल पडतात, मान जड होते.

होकार आला तर पुन्हा तीन-पाच सेकंद, पुन्हा थांबा. असं चार-पाच वेळा झाल्यावर जागा बदलून पाहायची. छातीवरून मानेच्या बाजूला, तिथून खांद्यावर, कानाच्या मागच्या मऊ खोलगट भागात, हनुवटीखाली. पुष्कळ कुत्र्यांना शेपटीच्या मुळाशी पाठीवर खाजवलेलं फार आवडतं, कारण तिथे त्यांचं स्वतःचं नाक आणि पाय नीट पोहोचत नाहीत. काहींना मात्र तिथे हात लागला की दचकायला होतं. हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. पंजे, शेपूट, नाकपुड्यांभोवतीचा मिशांचा भाग आणि डोक्याचा माथा सध्या सोडून द्या. मिशांच्या मुळाशी मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि पंजे पळून जाण्याचं साधन असतात. या दोन्ही ठिकाणी विश्वास सगळ्यात उशिरा बसतो.

दाब किती? हापूस पिकलाय का हे पेटीतला आंबा न खराब करता बघतो, तेवढा. त्याहून हलका हात गुदगुल्या करतो, माशी बसल्यासारखी कातडी थरथरते. त्याहून जोराचा हात ढकलल्यासारखा लागतो. केसांच्या दिशेने, सावकाश, पूर्ण तळव्याने. मानेपासून खांद्यापर्यंत यायला दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत. थोपटणं, विशेषतः डोक्यावर ‘शाब्बास शाब्बास’ करत टपटप मारणं, कुत्र्यांना क्वचितच रुचतं. सावकाश लांब हात अंग सैल करतो, भराभर चोळणं अंगात वारं भरतं. रात्री दहाला मुलाने तिला खसाखसा घुसळून जागं केलं आणि नंतर ती घरभर पळत सुटली, तर दोष तिचा नाही.

तोंडाने काय बोलायचं, हाही प्रश्न येतो. एरिका फॉयरबाकर आणि क्लाइव्ह विन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्यांना दोन पर्याय दिले: एक माणूस गोंजारणारा, दुसरा नुसतं तोंडाने कौतुक करणारा. कुत्री गोंजारणाऱ्याकडे राहिली. कौतुकाच्या शब्दांना त्यांनी जवळपास शून्य भाव दिला. तेव्हा ‘अले माझी सोनुली’ म्हणायचं तर जरूर म्हणा, पण ते आपल्यासाठी.

पोटाची गोष्ट जरा निराळी, म्हणून वेगळी. पाठीवर पडणं दोन प्रकारचं असतं. एकात कुत्रं डुलत, वळवळत, तोंड उघडं टाकून, चारी पाय सैल सोडून पडतं. एक पाय इकडे, एक तिकडे, शेपूट जमिनीवर झाडू मारतेय. हे आमंत्रण. दुसऱ्यात ते हळूच, एका कुशीवरून घरंगळतं आणि ताठ राहतं: मागचा पाय उचललेला, शेपूट पोटाशी, ओठ मागे खेचलेले, नजर चुकवलेली, कधी दोन थेंब लघवी. हे शरण येणं आहे: ‘मी काही करत नाही, तू जा.’ त्यावर पोट चोळलं म्हणजे दोन्ही हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशात हात घालण्यासारखं झालं. तुमच्या घरी दुसरा प्रकार घडला. तसं दिसलं की एक पाऊल मागे, तिरके बसा, ती उठून अंग झटकेपर्यंत थांबा.

याच ओघात एक. पोटावर किंवा बरगडीवर खाजवलं की मागचा पाय आपोआप हवेत चालायला लागतो आणि सगळे हसतात. तो पाय म्हणजे आनंदाचा पुरावा नाही. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा कुत्र्यांवर बारकाईने अभ्यास केला होता. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तुटला तरी ती होते. कुत्रं खूश आहे का ते पायाला विचारू नका, चेहऱ्याला विचारा.

गुरगुरली म्हणून रागावलात का तिला? रागावला असाल तर आता पुन्हा नको. गुरगुरणं ही घंटी आहे. नाकावर फटका मारून, ‘नो’ ओरडून घंटी बंद करता येते, आग बंद होत नाही. मग लोक म्हणतात, ‘काही न सांगता चावला हो!’ सांगायची सोय आपणच काढून घेतलेली असते. गुरगुर ऐकली की हात थांबवायचा, पण झटक्याने ओढायचा नाही. सैल सोडून, अंग तिरकं करून बाजूला व्हायचं. आणि नंतर शांतपणे आठवायचं की त्याआधी जीभ किंवा जांभई कधी येऊन गेली.

मुलासाठी नियम कमी आणि ठाम हवेत. एक हात, दोन नाही. बसूनच; उभं राहून किंवा वाकून नाही. छाती किंवा खांदा, दुसरं काही नाही. तीनपर्यंत मोजायचं आणि हात मागे. मिठी अजिबात नाही: मिठीत कुत्र्याला मान हलवता येत नाही आणि मुलाचं तोंड थेट तिच्या दातांसमोर येतं. लहान मुलांना चेहऱ्यावर चावे बसतात ते यामुळे, आणि बरेचसे घरच्या, ओळखीच्या कुत्र्यांचेच. आठ वर्षांच्या मुलाला हा ‘मोजायचा खेळ’ लगेच आवडतो; किती वेळा तिने हात परत मागितला याचा हिशेब ठेवायला सांगा. मोठं माणूस त्याच खोलीत हवं, स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणं हे लक्ष ठेवणं नव्हे.

दोन खोल्यांच्या घरात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे तिला निघून जायला जागाच नसते. नकार द्यायचा तर जायचं कुठे? पलंगाखाली किंवा कपाटाशेजारी एक कोपरा ठरवा, सतरंजी घाला, आणि तिथे असताना कोणीही हात लावायचा नाही: आजींनी नाही, पाहुण्यांनी नाही, कचरा काढताना सुद्धा तिला ढकलायचं नाही. झोपलेली, खात असलेली किंवा हाड चघळणारी कुत्री हाही असाच कोपरा. तिला उठवायचंच असेल तर लांबून नावाने हाक मारा. हा कोपरा पाळला गेला की महिन्याभरात ती आपणहून जास्त वेळा बाहेर येऊन टेकायला लागते. उलटं वाटतं, पण तसंच होतं.

गिरगावात राहता, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुका चौपाटीकडे जातात त्या तुमच्या खिडकीखालून किंवा गल्लीच्या तोंडावरून. ढोल-ताशे, मग दिवाळीचे बॉम्ब. अशा दिवसांत तिची सहनशक्ती आधीच निम्मी झालेली असते. एरवी पाच सेकंद चालणारा हात त्या दिवशी दोन सेकंदांत नकोसा होतो. घाबरलेल्या कुत्रीला जवळ घेतलं तर भीती वाढते, हा समज मात्र खोटा आहे. ती अंगाला चिकटली तर चिकटू द्या, एक तळवा खांद्यावर नुसता ठेवून द्या, न हलवता. ती पलंगाखाली गेली तर ओढून बाहेर काढू नका.

मुंबईच्या हवेचंही बघायला हवं. कुत्र्यांना घाम फक्त तळपायांतून येतो, अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर जाते, आणि मे महिन्यातल्या दमट दुपारी धापा टाकूनही फारसं भागत नाही. त्या वेळी अंगावर हात म्हणजे पांघरूण. पहाटे किंवा रात्री फरशीवर ती पसरलेली असताना हात लावा. पावसाळ्यात ओलं अंग, त्यावर गोचीड आणि कानात बुरशी. रोजचं गोंजारणं हीच तपासणी करा: बोटं केसांच्या उलट दिशेने एकदाच, कानांच्या कडा, मानेभोवती गळपट्ट्याखाली, काखेत. मुगाएवढा गुळगुळीत फुगवटा लागला तर तो गोचीड असू शकतो. चिमटीत चिरडू नका, रॉकेल लावू नका. कातडीच्या अगदी लगत चिमट्याने धरून सरळ वर, न पिळता ओढा. आणि लगेच पुन्हा छातीवर खाजवा, नाहीतर तिच्या लेखी तुमचा हात म्हणजे चिमटा.

कधी एकाच जागी हात लागला की ती आखडते, बाकी सगळीकडे मजेत असते. तो स्वभाव नसतो, बहुधा दुखणं असतं. कान वारंवार झटकते, कानाला आंबूस वास येतो, कंबरेवर हात ठेवला की खाली बसते: आधी डॉक्टर, मग प्रशिक्षण. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला फार लांब नाही. डोक्यावर हात ठेवल्यावर दबते असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा दोन्ही कान एकदा आतून तपासून घ्याच. गोचीड तापाची रक्तचाचणीही त्याच फेरीत होऊन जाईल.

ती खालीही उतरते, म्हणून लिफ्टमध्ये आणि गल्लीत लोकांना काय सांगायचं तेही बघा. लिफ्टमध्ये कुणालाच हात लावू देऊ नका. चार फुटांच्या पेटीत पट्ट्याला बांधलेल्या कुत्रीला ‘नाही’ म्हणायची एकही वाट नसते. ‘काका, ती जरा घाबरट आहे, आज नको’ एवढं पुरतं. भिडेखातर तिला पुढे करू नका. दुसऱ्याचं कुत्रं असेल तर आधी मालकाला विचारायचं आणि मग वर सांगितलेल्या पद्धतीने कुत्र्याला. शिह त्झूसारख्या झिपऱ्या कुत्र्यांना केसांमुळे हात येताना दिसत नाही, त्यांना आधी आवाज द्या. त्यांच्या केसांत गुंता असेल तर तुमची बोटं अडकून ओढ बसते, म्हणून खाजवू नका, वरवर हात फिरवा. म्हातारं कुत्रं असेल तर कंबर सोडून छाती.

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल मुलाला स्पष्ट सांगा. कानाचं टोक व्ही आकारात कापलेलं दिसलं तर त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी त्याला रेबीजची लस दिली होती, इतकंच कळतं. त्यानंतरची लस दरवर्षी मिळाली की नाही, ते कान सांगत नाही. टॅक्सीखाली झोपलेला, कोळणीच्या पाटीपाशी माशाचं डोकं खाणारा किंवा पिल्लांपाशी बसलेली आई यांना हात लावायचाच नाही, मग ते कितीही ओळखीचे असोत. पावसाळा संपल्यावर थंडीत पिल्लांचा मोसम असतो, तेव्हा कालची गरीब काळी आज वेगळी वागते.

आणि दात लागलेच, घरच्या कुत्रीचे का होईना, किंवा खरचटलेल्या जागी तिने चाटलं, तर जखम साबणाने, वाहत्या नळाखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच ‘झालं की’ असं वाटतं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते, आणि दातांनी कातडी फाटून रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. सगळी इंजेक्शनं वेळापत्रकाप्रमाणे घ्यायची, मधलं एखादं सोडायचं नाही. तुमच्या कुत्रीचं स्वतःचं लसीकरणाचं कार्ड दत्तक देणाऱ्यांकडून मागून घेतलंय ना? नसेल तर कान दाखवायला जाल त्याच दिवशी लस देऊन घ्या, आणि टेबलावर चढवण्याआधी डॉक्टरांना सांगा की हिला समोरून डोक्यावर हात नको, बाजूने छातीवर चालतो.